दात तपासायला आलेल्या डॉक्टरांची वही : संशोधन, संमती आणि आकडे

आपल्या वस्तीत, मुलांच्या शाळेत अधूनमधून दंत महाविद्यालयाची गाडी येते. पांढरे ॲप्रन घातलेली तरुण मुले-मुली खुर्च्या मांडतात, बॅटरीच्या उजेडात तोंड बघतात, फॉर्मवर खुणा करतात आणि टूथपेस्टची छोटी ट्यूब देऊन जातात. सरकारी किंवा पालिकेच्या दंत रुग्णालयात दाढ काढायला गेलो तरी कधीकधी केसपेपरासोबत आणखी एक कागद पुढे येतो. "इथे सही करा, स्टडीसाठी आहे."

हा 'स्टडी' म्हणजे काय, हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. बी.डी.एस. झाल्यावर तीन वर्षांचे एम.डी.एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक प्रबंध, म्हणजे थीसिस, लिहावा लागतो. त्यासाठी त्यांना संशोधनाची पद्धत, नीतिनियम आणि संख्याशास्त्र शिकवतात. प्रबंधासाठी माणसे लागतात, आणि ती माणसे बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याच्या रांगेतली असतात. खाजगी दवाखान्यात पैसे मोजून जाणाऱ्याच्या पुढे हा कागद क्वचितच येतो. म्हणून डॉक्टर जे शिकतात त्यातले मुख्य धडे आपणही शिकू. आपल्यातल्या ज्या मुली-मुलगे बी.डी.एस., नर्सिंग किंवा एम.डी.एस.ला आहेत, त्यांनाही हा पाठ उपयोगी पडेल.

धडा पहिला : प्रश्न नेमका हवा

"वस्तीतल्या लोकांचे दात खराब का असतात?" हा संशोधनाचा प्रश्न नाही. त्यात उत्तर आधीच धरून चालले आहे, आणि तो इतका मोठा आहे की मोजायचे काय तेच कळत नाही. नेमका प्रश्न असा असतो: "या वस्तीतल्या ३५ वर्षांवरील, रोज मिश्री लावणाऱ्या बायकांपैकी किती जणींच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे?" यात कोण, कुठे, कोणती सवय आणि काय मोजायचे, हे सगळे आले.

प्रश्नावरून अभ्यासाचा प्रकार ठरतो. एकदाच जाऊन किती जणांना काय आहे ते मोजले, तर तो सर्वेक्षणाचा अभ्यास. आजारी आणि निरोगी माणसे घेऊन त्यांच्या मागच्या सवयी विचारल्या, तर तो तुलनेचा अभ्यास. निरोगी माणसांना वर्षानुवर्षे भेटत राहून कोणाला काय होते ते पाहिले, तर तो पाठपुराव्याचा अभ्यास. आणि चिठ्ठ्या टाकून एका गटाला एक उपचार व दुसऱ्याला दुसरा दिला, तर तो प्रयोग, म्हणजे ट्रायल. आपल्या दृष्टीने फरक मोठा आहे. सर्वेक्षणात तोंड फक्त बघतात. ट्रायलमध्ये आपल्या शरीरावर काहीतरी केले जाते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: "तुम्ही फक्त तपासणार, की काही औषध-उपचारही करणार?"

एक सापळा इथेच समजून घेऊ. समजा, मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या जास्त खराब दिसल्या. दोष मिश्रीचाच का? मिश्री लावणाऱ्या बायका बहुधा वयाने मोठ्या असतात आणि वयाबरोबर हिरड्याही झिजतात. मग वयाचा परिणाम मिश्रीच्या नावावर जमा होतो. चांगला संशोधक पन्नाशीच्या बाईची तुलना पन्नाशीच्याच बाईशी करतो. मिश्रीत तंबाखू आहे आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे वेगवेगळ्या प्रकारच्या अनेक अभ्यासांतून पक्के झाले आहे. पण म्हणून प्रत्येक दुखणे तिच्या माथी मारता येत नाही.

धडा दुसरा : कोणाला तपासले?

समजा, वस्तीत ४०० मुले आहेत. शिबिरात ६० आली. त्यातल्या ४५ जणांचे दात किडलेले निघाले. दुसऱ्या दिवशी बातमी, "वस्तीतील ७५ टक्के मुलांचे दात किडके."

हे खरे आहे का? ७५ टक्के हे आलेल्या ६० मुलांपैकी आहेत. शिबिरात कोण येते? ज्याचा दात दुखतो तो. ज्याचे दात चांगले तो क्रिकेट खेळत असतो. म्हणजे आकडा फुगलेला असू शकतो. उलटेही होते. मंगळवारी दुपारी बारा वाजता शिबिर ठेवले, तर नाक्यावर उभा राहणारा मजूर, सफाई कामगार, धुणीभांडी करणारी ताई कशी येणार? गुटखा, मावा, खर्रा खाणारी कामकरी माणसे सुटली, तर तोंडातले चट्टे कमी दिसतील आणि "इथे फारसा त्रास नाही" असे लिहिले जाईल.

यावर उपाय म्हणजे नमुना नीट निवडणे. घरांची यादी करायची, त्यातून चिठ्ठ्या टाकून घरे काढायची आणि त्याच घरी, माणूस भेटेल त्या वेळी, गरज पडली तर रात्री आठला जायचे. किती माणसे लागतील याचा हिशेबही आधीच करावा लागतो. कमी घेतली तर उत्तर डळमळीत, उगाच जास्त घेतली तर लोकांना विनाकारण त्रास. म्हणून टक्केवारी ऐकली की "किती जणांपैकी?" आणि "ते कसे निवडले?" हे विचारायची सवय लावून घ्या.

तपासणारेही माणसेच असतात. एकाला जो कीड वाटते तो दुसऱ्याला नुसता डाग वाटतो. म्हणून सुरुवातीला त्याच मुलांना दोघांनी वेगवेगळे तपासून निदान किती जुळते ते मोजायचे असते. हे न करता गोळा केलेले आकडे म्हणजे वेगवेगळ्या तराजूंवर तोललेला माल.

फॉर्मवर घरातल्या कर्त्याचे शिक्षण, काम आणि उत्पन्न विचारतात. बऱ्याचदा ते कुप्पुस्वामी श्रेणीसाठी असते. या तीन गोष्टींना गुण देऊन कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक स्तर ठरवतात. जात विचारली तर "कशासाठी?" हे विचारण्याचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. उपचार कोणापर्यंत पोचतात आणि कोणापर्यंत नाही, हे शोधायला जातीची नोंद उपयोगी पडू शकते. पण कारण सांगता येत नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवायला सांगावे.

धडा तिसरा : संमती म्हणजे सही नव्हे

दाताच्या संशोधनाचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाची संस्था होती. तिथे तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे राहत. १९४५ पासून पुढची काही वर्षे तिथल्या चारशेहून अधिक जणांवर आहाराचे प्रयोग झाले. काहींना जेवणाच्या मधल्या वेळेत दिवसभर दाताला चिकटणारी टॉफी दिली, दात किडतात का ते पाहायला. ते किडले, अनेकांचे अतोनात किडले. या प्रयोगासाठी साखर व मिठाईच्या उद्योगाकडूनही पैसा आला होता. १९५४ साली निष्कर्ष छापले गेले. जेवणाच्या मधे, वारंवार खाल्लेला चिकट गोड पदार्थ दाताला सर्वांत वाईट, हे जगाला तिथून पक्के कळले. स्वीडनमध्ये मुलांनी फक्त शनिवारी गोड खावे हा प्रघात त्यातून पडला. आज आपण मुलांना "सारखे चॉकलेट चघळू नको" सांगतो, ते ज्ञान ज्यांच्या दातांतून आले त्यांना कोणी विचारले नव्हते.

अमेरिकेतही १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगी येथे उपदंश झालेल्या काळ्या पुरुषांवर उपचार न करता आजार कसा वाढतो ते पाहिले गेले. मधल्या काळात पेनिसिलिन आले, तेही त्यांना दिले नाही. दोन्हीकडे निवडली गेली ती 'नाही' म्हणू न शकणारी माणसे.

नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ ची न्यूरेम्बर्ग संहिता, जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेची १९६४ ची हेलसिंकी घोषणा आणि आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे ही अशा अनुभवांतून आली. त्यांचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो: माणसाच्या निर्णयाचा मान राखा, त्याचे भले करा, त्याचे नुकसान करू नका, आणि संशोधनाचा भार एकाने वाहायचा व फायदा दुसऱ्याने घ्यायचा असे होऊ देऊ नका.

व्यवहारात याचा अर्थ असा.

१. आधी माहितीपत्रक, मग सही. माहितीपत्रक आपल्याला कळेल अशा मराठीत (घरात हिंदी बोलत असाल तर हिंदीत) हवे आणि त्याची प्रत आपल्याजवळ राहायला हवी. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि संशोधकाशी संबंध नसलेला साक्षीदार तिथे हवा. वॉर्डात काम करताना मी एका ठिकाणी रांगेतल्या बायांचे अंगठे एका दमात घेतलेले पाहिले आहेत. शाईचा पॅड पुढे, कागद उलटा. त्याला संमती म्हणत नाहीत.

२. 'नाही' म्हटले तरी नेहमीचा उपचार मिळालाच पाहिजे. "स्टडीत या, नाहीतर नंबर लांब जाईल" असे कोणी म्हणाले तर ते नियमाविरुद्ध आहे. मधेच बाहेर पडायचाही हक्क आहे, आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही.

३. मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागते. शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो, १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. मुख्याध्यापकांची, नगरसेवकांची किंवा मंडळाच्या अध्यक्षांची परवानगी ही आवारात येण्यापुरती. ती आईच्या सहीची जागा घेत नाही.

४. काढलेला दात आणि काढलेला फोटो. वाकडे दात सरळ करताना काढलेल्या दाढा अनेकदा बाटलीत जपून ठेवतात आणि रूट कॅनालची साधने किंवा भरायचे सिमेंट यांची चाचणी त्यांच्यावर करतात. त्यात गैर काही नाही, फक्त विचारून करावे. संशोधनासाठी म्हणून चांगला दात कधीच काढायचा नसतो. फोटोत चेहरा ओळखू येणार असेल तर त्याची संमती वेगळी हवी.

५. स्वच्छ साधने. आरसा आणि प्रोब प्रत्येकासाठी निर्जंतुक केलेला हवा. एकाच्या तोंडातला काढून औषधाच्या वाटीत बुडवला आणि लगेच दुसऱ्याच्या तोंडात घातला, हे चालायचे नाही. हिरडीतून रक्त येते आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो.

६. इजा झाली तर. संशोधनामुळे त्रास झाला तर त्याचा उपचार मोफत मिळायला हवा आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. ती कशी मिळेल हे माहितीपत्रकावर लिहिलेले असावे.

या सगळ्यावर लक्ष ठेवते ती नैतिकता समिती. दवाखान्यात तिला एथिक्स कमिटी म्हणतात. तिच्यात ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. त्या सामान्य नागरिकाच्या खुर्चीवर कधीतरी वस्तीतली शिकलेली बाई का बसू नये? जवळच्या महाविद्यालयाला आपल्या महिला मंडळाने तसे पत्र द्यायला हरकत नाही.

धडा चौथा : सरासरीच्या पोटात काय आहे?

दातांच्या अभ्यासात एक आकडा नेहमी येतो, डीएमएफटी. किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले असे कायमचे दात मोजून बेरीज करायची. १२ वर्षांच्या मुलांमध्ये तो मुद्दाम मोजतात.

समजा, १० मुले तपासली. सहा जणांचा आकडा शून्य. उरलेल्या चौघांचे ३, ४, ६ आणि ७. बेरीज २०, सरासरी २. पण दोन दात खराब असलेले मूल या दहांत एकही नाही! सहा जण ठणठणीत आहेत आणि चार जणांचे तोंड दुखण्याने भरले आहे. सरासरी पाहून सगळ्यांना एकेक ट्यूब वाटली, तर त्या चौघांचे काय भले झाले? म्हणून सरासरीबरोबर मधला आकडा आणि पसारा, म्हणजे सर्वांत कमी किती व सर्वांत जास्त किती, हेही विचारायचे. इथे मुलांना ओळीने उभे केले तर मधला आकडा शून्य येतो.

बेरजेच्या आतही बघा. दोन शाळांची सरासरी २ आहे. एका शाळेत ते बहुतेक दात भरलेले आहेत, दुसऱ्या शाळेत सगळे किडलेलेच. किडीचे प्रमाण सारखे, पण एका शाळेपर्यंत डॉक्टर पोचला आणि दुसरीपर्यंत नाही. मुलांना दोष देणारा आकडा नीट वाचला तर तो व्यवस्थेवर बोट ठेवतो.

आता 'पी व्हॅल्यू'. डॉक्टर मंडळी "पी पाच शतांशापेक्षा कमी आला" म्हणून खूश होतात. अर्थ सोपा आहे. समजा, दोन मंजनांत खरोखर काहीच फरक नाही. तरी नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, तो आकडा म्हणजे पी. तो लहान असेल तर योगायोगाचे कारण पटेनासे होते. पण फरक मोठा आहे की नगण्य, हे पी सांगत नाही. आणि एकाच वहीतून वीस गोष्टी तपासल्या तर त्यातली एखादी योगायोगानेच 'सिद्ध' होऊन बसते. म्हणून काय तपासणार हे आधीच लिहून ठेवायचे असते.

धडा पाचवा : केरळचा एक मोठा अभ्यास

हे सगळे एका खऱ्या उदाहरणात पाहू. तोंडाची नुसती नजरेने तपासणी करून कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का? १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ पंचायतींमध्ये हे तपासले. चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने काही पंचायती तपासणीच्या गटात गेल्या, काही नेहमीच्या सेवेच्या गटात. ३५ वर्षांवरील ९६,५१७ माणसे पहिल्या गटात, ९५,३५६ दुसऱ्या गटात. तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले.

तपासणीच्या गटात कर्करोगाचे २०५ रुग्ण सापडले, दुसऱ्या गटात १५८. तपासणीने कर्करोग वाढला का? नाही. शोधले म्हणून जास्त सापडले. म्हणून रुग्णसंख्येपेक्षा मृत्यू पाहायचे. मृत्यू पहिल्या गटात ७७, दुसऱ्यात ८७. हिशेबाने मृत्यूदर २१ टक्के कमी भरला. पण संशोधकांनी सोबत तो पट्टा दिला, ज्यात खरे उत्तर बहुधा असेल: मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले असतील इथपासून २२ टक्क्यांनी वाढले असतील इथपर्यंत. पट्ट्यात कमी होणेही आले आणि वाढणेही आले, म्हणजे सरसकट सगळ्यांबाबत पक्के काही म्हणता येत नाही.

मग त्यांनी तंबाखू किंवा दारू किंवा दोन्हींची सवय असलेल्यांचे आकडे वेगळे पाहिले. तिथे मृत्यू ७० विरुद्ध ८५, दर ३४ टक्के कमी, आणि पट्टा ५ टक्के घट ते ५५ टक्के घट. दोन्ही टोके घटीचीच. म्हणजे ज्याला सवय आहे त्याच्या तोंडाची तपासणी जीव वाचवते. दोन्ही गट मिळून १६४ मृत्यू, त्यातले १५५ सवय असलेल्यांचे. ही एक बेरीज घरी मोठ्याने वाचून दाखवा.

म्हणून आजचा सल्ला : घरात कोणी तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, मिश्री, विडी यांपैकी काही वापरत असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा आरशासमोर उजेडात तोंड बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट अजिबात न सोसणे, तोंडात उभी तीन बोटे न जाणे, यांपैकी काही दिसले तर सरकारी दंत ओपीडी गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखतच नाही.

आपल्या शिकणाऱ्या मुलांसाठी

संख्याशास्त्राला घाबरून प्रबंधाचे आकडे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तसे करू नका. महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. 'एपी इन्फो', 'आर', 'जामोवी' ही मोफत मिळतात. आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संशोधनाचे ऑनलाइन पाठ आहेत, ते मोबाइलवरही पाहता येतात. उपचाराची ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, सीटीआरआयमध्ये, तिची नोंद करा. त्याला पैसे पडत नाहीत. मनासारखा निकाल आला नाही तरी तो जसा आहे तसाच लिहा. "फरक आढळला नाही" हेही उत्तरच असते. आणि ज्या वस्तीतून आकडे घेतले तिथे परत जाऊन काय सापडले ते मराठीत सांगा.

मंडळात बसून करा

पुढच्या वेळी दाताचे शिबिर आले की हे प्रश्न वहीत लिहून एकीने मोठ्याने विचारावेत.

१. हे शिबिर आहे की अभ्यास? प्रश्न काय आहे?
२. नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे? तक्रारीसाठी कोणता नंबर?
३. फक्त तपासणी की उपचारही? ट्रायल असेल तर सीटीआरआय नंबर काय?
४. आम्हालाच का निवडले? घरी नसलेल्यांना कधी तपासणार?
५. ज्याच्या तोंडात काही सापडेल त्याला कुठे पाठवणार, आणि पुढचा उपचार कोण करणार?
६. निकाल आम्हाला कधी सांगणार?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका. चट्टा सापडला म्हणून फॉर्मवर खूण केली आणि त्या माणसाला घरी पाठवून दिले, तर डॉक्टरांची वही भरते आणि त्याच्या तोंडातला चट्टा वाढत राहतो. ओपीडीचा दिवस, खोली नंबर आणि जबाबदार डॉक्टरचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. जो एकटा जायला घाबरेल, त्याच्याबरोबर मंडळातल्या कोणीतरी जा.